तीन पाळ्यांत वाजलेला अल्बम

मला आधी एवढे सांगा, मंडळी. गाणे ऐकायचे नाही, पण ते ऐकले असे मात्र नोंदवून घ्यायचे, आणि तेही एकदा नव्हे, हजारो वेळा. अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल?

लबाड म्हणाल. संकोच करू नका. तो लबाड मी आहे.

माझ्याकडे पाहून कुणाला हे खरे वाटत नाही, हीच तर माझी अडचण! पहाटे पाचला स्नान, सहाला दत्तमंदिर, कपाळी गंध. आकुर्डीत राहतो. बत्तीस वर्षे एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीस होतो. मालात केसाच्या जाडीइतका फरक दिसला तरी त्याला लाल चिठ्ठी लावत असे. एकदा कंपनीचे पेन खिशाला अडकून घरी आले. दुसऱ्या दिवशी मी ते परत नेऊन दिले आणि जमा केल्याची पावतीही मागितली.

अशा माणसाच्या हातून काय घडले, ते आता ऐका.

आमच्या सोसायटीच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन असते. तिथे वंदना गाते. पलीकडच्या इमारतीत राहते, मला काका म्हणते. चाकणला गाड्यांच्या वायरी बांधणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला आहे. तिचा नवरा संतोष कामगारांची बस चालवतो. दिवसभर वायरींचे रंग जुळवून आलेली ही मुलगी डोळे मिटून स्वर लावते, तेव्हा मंदिरातला पंखासुद्धा आवाज कमी करतो. अतिशयोक्ती नाही. तो पंखा जुना आहे, तरीही.

तिने आठ गाण्यांचा अल्बम करायचा ठरवला. शब्द तिचे, चाल तिची. चार वर्षांची भिशी त्यात घातली, आणि रविवारमागून रविवार चिंचवडच्या एका स्टुडिओत जाऊन गाणी पुरी केली.

मग ती माझ्याकडे सल्ला मागायला आली. संतोषचे म्हणणे होते, गाणी फोनवरच्या ॲपवर चढवली की काम झाले. ऐकणारे तिथेच ऐकतात. हे मला मुळीच पटले नाही. मी तिला म्हणालो, जी वस्तू हातात धरता येत नाही तिची किंमत माणसाला कळत नाही. सीडी काढ. लोक विकत घेतील, कपाटात ठेवतील, आदराने लावतील.

तिने ऐकले. ॲपवर गाणी चढवली आणि शिवाय सीडीची पाच खोकी करून आणली. काकांचा शब्द!

दत्तजयंतीला मंदिरात प्रकाशन झाले. टाळ्या झाल्या, नारळ फुटला. मी स्वतः टेबलामागे उभा राहिलो. लोक येत, सीडी हातात घेत, तिच्यावरचा फोटो पाहत, सुरेख म्हणत, परत ठेवत, आणि विचारत, फोनवर आहे का?

पहिल्या तासात सहा सीडी गेल्या. त्यांतल्या दोन मी घेतल्या होत्या.

त्या गर्दीत भगवान नावाचा एक कामगार होता. लातूरकडचा, चाकणला मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात कामाला. मी त्याला जरा करड्या आवाजात विचारले, गाणे आवडते, मग सीडी घ्यायला काय हरकत आहे? घरी नसेल तर गाडीत लावता येते.

तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, गाडीचा डॅशबोर्ड म्याच बसवतो लाइनीवर. सीडी घालायची फट व्हती त्याच्यात, ती कवाच बुजवली."

जो माणूस रोज शेकडो गाड्यांचे तोंड स्वतःच्या हाताने बसवतो, तो सांगतो आहे की त्या तोंडात सीडी जातच नाही. पाच खोकी संतोषच्या खाटेखाली गेली.

इथवर मी निर्दोष होतो. फार तर जुनाट म्हणा. खरी घसरण आता सुरू होते.

माझे मन खाऊ लागले. सल्ला माझा, तोटा तिचा. काही तरी केले पाहिजे! प्रचार झाला पाहिजे. मी माझ्या दोन सीडींपैकी एक काढली, मुलाच्या जुन्या संगणकात घातली, आठही गाणी फोनवर घेतली, आणि देवाचे नाव घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवायला बसलो. गुरुवार भजन मंडळ. निवृत्त कर्मचारी. ज्येष्ठ नागरिक हास्य मंडळ. माझे भाऊबंद, पत्नीचे भाऊबंद. खाली लिहिले: पुण्यकार्य समजून पुढे पाठवावे.

लोकांनी पाठवले. पुण्य फुकट असले की लोक कसूर करत नाहीत.

आठवड्याने वंदना घरी आली. माझी पत्नी सुमती हिने पाणी दिले. वंदनाने आपला फोन माझ्यासमोर धरला. तिच्या राजगुरुनगरच्या नणंदेचा निरोप होता. सोबत आठ गाणी. खाली लिहिले होते, ही बाई फार छान गाते, तुझ्यासारखाच आवाज आहे, नक्की ऐक.

आणि त्याच्या खाली माझे वाक्य. पुण्यकार्य समजून.

मी प्रचार केला, असे मी अभिमानाने सांगितले. ती हसली. पण ते हसू ओठांपुरते होते. मग तिने मला जे समजावले, ते मी लहान मुलासारखे ऐकले. सीडी विकली जात नाही हे ती मान्य करूनच बसली होती. पण ॲपवर कुणी गाणे ऐकले, तर ते मोजले जाते, आणि दर ऐकण्यामागे थोडेसे काही तरी मिळते. फारच थोडे. त्यात चूल पेटत नाही. पण तो आकडा महत्त्वाचा. उत्सवात कुणाला गायला बोलवायचे हे ठरवणारे लोक आता आधी तो आकडा पाहतात. आणि जी गाणी लोकांच्या फोनमध्ये फुकट येऊन पडली, ती ऐकायला ॲपवर कोण कशाला जाईल?

मग ती म्हणाली, "काका, कंपनीत मला लाइन लीडर करतायत. पगार वाढेल, पण शनिवार, रविवार आणि संध्याकाळ सगळी कंपनीची. दोन महिन्यांत उत्तर द्यायचंय. अल्बम कुणी ऐकतंय असं दिसलं, तर मी गाणं धरीन. नाहीतर सोडीन. तुमच्यावर राग नाही."

राग असता तर बरे झाले असते. एका देवभक्त गायिकेचे गाणे बंद पाडणारा माणूस कोण? तर मी! रोज सकाळी देवाला सांगतो, माझ्या हातून कुणाचे वाईट होऊ देऊ नकोस. आणि हातात फोन घेऊन बसतो.

सुमती एवढेच म्हणाली की आता काही करू नका. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेला हा सर्वांत शहाणा सल्ला होता. मी तो ऐकला नाही.

मी बबनरावांकडे गेलो. बबनराव मूळचे मोशीचे, जुन्या शेतकरी घराण्यातले. आमच्याच कारखान्यात माझ्याबरोबर होते. आता चाकणच्या वाटेवर कुरुळीत त्यांच्या जमिनीवर चाळीस खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत तीन-चार कामगार. भगवान त्यांतलाच एक, आणि बाकीचे बहुतेक त्याच्याच कारखान्यातले. मी बबनरावांना सगळे सांगितले. म्हणालो, वंदनाचे गाणे ॲपवर ऐकणारी माणसे हवी आहेत.

बबनराव म्हणाले, "माणसं कशाला? फोन हायती की. आमची पोरं कामाव जाताना फोन फाटकाव जमा करत्यात. आठ तास कप्प्यात नुसतं पडून असत्यात. वाजू द्या की तितं. कुनाचं काय जातंय?"

हे तुम्हाला समजले पाहिजे. चाकणच्या पुष्कळ कारखान्यांत आत फोन नेऊ देत नाहीत. आतल्या यंत्रांचा, नव्या गाड्यांचा कुणी फोटो काढू नये म्हणून. फाटकाशी लाकडी कप्पे असतात, त्यांत फोन ठेवायचा, बिल्ला घ्यायचा. शेकडो फोन दिवसभर तिथे निजलेले.

मी क्षणभर थांबलो. खरोखर थांबलो. हे योग्य आहे का, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण त्याचे उत्तरही मीच दिले. गाणे देवाचे. फोन रिकामा. यात पाप कसले? देवळातला नगारा आता विजेवर वाजतो, तो वाजवणारा कुणी लागत नाही, तरी आरती होतेच ना?

पाहा, माणूस स्वतःला किती चांगल्या उदाहरणांनी फसवतो!

आणि मग, मंडळी, माझ्यातला तपासणीस जागा झाला. चार वर्षे निवृत्तीत झोपलेला. मी मोठा तक्ता आखला. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. प्रत्येक खोलीचा क्रमांक, प्रत्येक फोनचा क्रमांक. ज्या फोनवर ॲप सुरू केले आणि आवाज बंद केला, त्याला मागे हिरवी चिठ्ठी. ज्याने केले नाही, त्याला लाल. रोज सकाळी पूजा आटोपली की मी बस धरून कुरुळीला जात असे आणि तक्ता भरत असे. बत्तीस वर्षांत माझी अशी हजेरी नव्हती!

भगवानने एक माहिती आणली. कारखान्यात कुणी तरी त्याला सांगितले होते की पूर्ण गाणे वाजण्याची गरज नसते. अर्धे मिनिट वाजले की ॲप ते एक वेळ ऐकले असे धरते.

"मग सगळं गाणं वाजवून वेळ कशाला घालवायचा, काका?" तो म्हणाला. "लाइनीवर आमी असंच सेकंद वाचवतो."

मला हे लगेच पटले. उत्पादन वाढवायचे तर प्रत्येक नगामागचा वेळ कमी करायचा, हे मी आयुष्यभर शिकवले आहे. भगवानने फोनांत तशी सोय करून दिली. अर्धे मिनिट झाले, वर दोन सेकंद सुरक्षेसाठी, की पुढचे गाणे. आठ संपली की पुन्हा पहिले.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. वंदनाच्या गाण्यांत सुरुवातीला पेटी वाजते, मग ती आलाप घेते, आणि मग देवाचे नाव येते. ते अर्ध्या मिनिटानंतर येते. म्हणजे मी रोज हजारो वेळा, तीन पाळ्यांत, देवाचे नाव येण्याच्या नेमके आधी गाणे तोडत होतो! आणि हे सगळे देवासाठी.

आकडा चढू लागला. पहिल्या आठवड्यात रोज शेकडो. दुसऱ्या आठवड्यात रोज हजारो. मी सायंकाळी जप करायला बसलो तरी मनात माळेचे मणी नसत, तो आकडा असे.

अडचणी आल्या. दिवसभर वाजून फोनांची बॅटरी संपे. पाळी सुटली की फाटकावर पन्नासेक कामगार मेलेले फोन हातात घेऊन उभे. घरी फोन लागेना, म्हणून एकाची बायको दोन मुलांसह रिक्षा करून फाटकावर आली आणि आधी नवऱ्याला, मग फोनला, मग कुरुळीत जाऊन बबनरावांना बोलली. बबनरावांनी प्रत्येक खोलीत चार्जिंगची पट्टी लावून दिली. माझ्या योजनेत कारखानदारी उतरत होती.

एक दिवस भगवान स्वतःच्या फोनचा आवाज बंद करायला विसरला. त्या दिवशी फाटकावर नवा सुरक्षारक्षक होता. दुपारच्या शांततेत त्याला कप्प्यांच्या भिंतीतून बाईचा आलाप ऐकू येऊ लागला. थोडा वेळ आलाप, मग खंड, मग दुसरा आलाप. कप्पे उघडायची त्याला परवानगी नव्हती. त्याने बूट काढले, फाटकावरच्या गणपतीची उदबत्ती आणली आणि कप्प्यांसमोर लावली. पाळी सुटून कामगार बाहेर आले, तेव्हा तो हात जोडून उभा होता. भगवानने मला हे हसत हसत सांगितले. मीही हसलो. आज सांगतो, त्या फाटकावर त्या दिवशी गाणे ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो तो होता.

आता खरा प्रसंग. सहा आठवडे झाले. गुरुवारी वंदना मंदिरात आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. मी तिला इतकी आनंदित कधी पाहिली नव्हती. लोक ऐकतायत, काका! ॲपवर दिसतं, चाकणकडचे लोक तर दिवसभर ऐकतायत, पहाटेसुद्धा ऐकतायत. एवढे लोक माझे गाणे ऐकत असतील तर मला आणखी काय हवे? ती बोलत होती, आणि माझ्या तोंडातला पेढा खाली उतरत नव्हता.

मग तिने सांगितले की तिने त्या दिवशी सकाळीच कंपनीला उत्तर दिले. लाइन लीडरची जागा नको. ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

बोलायची वेळ ती होती. मी बोललो नाही. मी म्हणालो, देवाची कृपा. एवढे पवित्र वाक्य इतक्या अपवित्र तोंडाने आमच्या मंदिरात यापूर्वी कुणी उच्चारले नसेल.

दहा दिवसांनी पत्र आले. गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या मुंबईच्या संस्थेचे. अल्बम काढून टाकला आहे. मिळायची रक्कम रोखली आहे. उलट खोट्या ऐकण्याबद्दल दंड आकारला आहे. कारणे खाली दिली होती, क्रमांकाने. हे सगळे श्रोते एकाच गावच्या दोन गल्ल्यांत आणि एका फाटकाशी राहतात. कुणीही कुठलेही गाणे बत्तीस सेकंदांपलीकडे ऐकलेले नाही. आणि हे श्रोते दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, एकदम थांबतात आणि एकदम पुन्हा सुरू होतात.

माझा तक्ता! शब्दशः माझा तक्ता. माझ्या पाळ्या इतक्या वक्तशीर होत्या की मुंबईत बसलेल्या कुणाला तरी त्या यंत्रावर दिसल्या. जरा ढिलाई केली असती तर कदाचित निभावले असते. पण ढिलाई माझ्या स्वभावात नाही.

पत्र घेऊन वंदना आणि संतोष कुणाकडे आले असतील? माझ्याकडे. तिचे डोळे रडून लाल झाले होते. आवाज मात्र स्थिर होता.

"काका, हे खोटं आहे. मी असं काही केलेलं नाही. तुमच्याइतका सरळ माणूस माझ्या माहितीत नाही. तुम्ही त्यांना लिहून द्या. तुमची सही असली की लोक विश्वास ठेवतात."

मी कागद घेतला. चष्मा लावला. सवयीने वर श्री लिहिले. मग लिहिले, मी खाली सही करणार ईश्वरसाक्ष लिहून देतो की.

की.

त्या 'की'च्या पुढे माझा हात जाईना. स्वयंपाकघरातून सुमती बाहेर आली, माझ्या खांद्यावरून कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, "लिहा की. हिरव्या चिठ्ठ्या कपाटात आहेत, पुरावा म्हणून जोडा."

तिला सगळे ठाऊक होते. माझ्या खिशातून रोज सापडणाऱ्या चिठ्ठ्या ती धुण्याआधी काढून ठेवत होती.

मग मी सांगितले. पहिल्यापासून. बबनराव, कप्पे, तक्ता, बत्तीस सेकंद. संतोष उठून गॅलरीत गेला. तो शिवी देणार होता आणि माझ्या वयाकडे पाहून बाहेर जाऊन देणार होता, असा माझा तर्क आहे. वंदना बसून राहिली. तिने मला ओरडावे असे मला फार वाटत होते.

ती म्हणाली, "म्हणजे कुणीच ऐकलं नाही."

मी मान खाली घातली.

"तुम्ही तरी ऐकलंत का, काका? शेवटचं, आठवं?"

दोन सीडी घेतल्या होत्या. आठही गाणी दोनशे लोकांना पाठवली होती. हजारो वेळा वाजवली होती. पण आठवे गाणे मी ऐकले नव्हते. पहिली तीन ऐकली होती. बाकीची चांगलीच असणार, असे धरून चाललो होतो. दहा नग तपासून सगळा लॉट पास करायचा, ही आमची कारखान्यातली पद्धत. मी तीन तपासून आठ पास केली.

तिने पेटी नाही, काही नाही, तिथेच बसून ते गाणे म्हटले. पाळी सुटल्यावर फाटकाशी बस थांबलेली आहे, आणि देव रांगेत उभा आहे. कामावरून सुटलेल्या बाईच्या हातातला डबा तो स्वतःकडे घेतो आणि विचारतो, दमलीस का गं? एवढेच गाणे. शेवटी देवालाच बसायला जागा मिळत नाही, आणि तो उभ्याने येतो.

सुमतीने पदर डोळ्यांना लावला. गॅलरीतला संतोष आत आला. माझ्याविषयी विचारू नका.

मी म्हणालो, संस्थेने लावलेला दंड मी भरतो. भरला. कबुलीचे पत्र लिहितो. लिहिले, त्यावर सही केली, आणि वंदना निर्दोष आहे हे त्यांनी मान्य करून अल्बम पुन्हा चढवला. आकडा मात्र शून्यावरून. लाइन लीडरची जागा गेली ती गेली. मी विचारले, आणखी काय करू?

ती दोन दिवसांनी उत्तर घेऊन आली. म्हणाली, पैशाने हे फिटत नाही. ज्यांच्या फोनांवर गाणे मुके वाजले, त्यांना ते बसून ऐकवायचे. बबनरावांच्या अंगणात सतरंजी टाकायची. आणि गाण्याआधी, काका, तुम्ही उभे राहून सांगायचे, काय केलेत ते. काही न वगळता.

त्या रविवारी संध्याकाळी कुरुळीत मी पहिल्यांदा हे सांगितले. समोर चाळीस खोल्यांतले कामगार, त्यांच्या बायका, ती रिक्षाने आलेली बाईसुद्धा. सुरक्षारक्षकाला भगवान मुद्दाम घेऊन आला होता. लोक माझ्यावर इतके हसले की बबनरावांची म्हैस दावणीला हिसके देऊ लागली. पण मग वंदना गायली. आठवे गाणे सुरू झाले तेव्हा ते सगळे लोक, जे रोज त्याच फाटकातून त्याच बसमध्ये चढतात, एकदम शांत झाले. गाणे संपल्यावर भगवान माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक सीडी द्या, काका."

मी म्हणालो, "अरे, पण ती लावणार कशात?"

"लावायला कुठं पायजे? तिची सही घेतो आन् घरी देवापाशी ठिवतो. फोनवरलं गाणं कुनाचंबी असतंय. ही माझी ऱ्हाईल."

त्या संध्याकाळी एक खोके रिकामे झाले. खोल्यांतल्या दोन जणांनी तिला गावच्या उत्सवाला बोलावले. एकाने घरभरणीला. आता तिचे शनिवार-रविवार महिना-महिना आधी भरतात. वायरींचे काम चालूच आहे, पण दुसऱ्या अल्बमची तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत, आणि त्यांचा खर्च या सतरंज्यांवरच निघाला. ॲपवरून अजून जे येते त्यात महिन्याचे पेढे येतात. पावशेर.

पण शिक्षेला मुदत असते ना? तीही तिने ठरवली. माझ्या तक्त्याने जितक्या वेळा गाणे खोटे ऐकवले, तितकी खरी माणसे समोर बसून ऐकतील, त्या दिवशी माझी सुटका. तोवर प्रत्येक कार्यक्रमात, पहिल्या गाण्याआधी, मी उभे राहून हे सांगायचे. आजारी असलो तर पुढच्या वेळी दोनदा.

माझे सगळे तक्ते जपून ठेवलेले. आकडा अगदी अचूक आहे, हे माझे दुर्दैव. इथे येताना बसमध्ये भगवानने हिशेब मांडला. आज तुम्ही अडतीस जण आला आहात. दर आठवड्याला एवढे धरले, तर माझी सुटका होईल तेव्हा मी एकशे सोळा वर्षांचा असेन.